मोठ्या कॉन्फरन्सचा शिक्का

१९०० सालचा मोसम संपला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपले फुटबॉल प्रशिक्षक फील्डिंग यॉस्ट यांना निरोप दिला. संघ वाईट खेळला होता असं नाही. विद्यापीठाने नियमच केला होता, की यापुढे प्रशिक्षक आपल्याच माजी विद्यार्थ्यांपैकी हवा. यॉस्ट वेस्ट व्हर्जिनियाचे. ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस आणि स्टॅनफर्ड असे चार संघ त्यांनी चार वर्षांत हाताळले होते, पण स्टॅनफर्डची पदवी काही त्यांच्याकडे नव्हती. मिशिगन विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं. १९०१ च्या मोसमात मिशिगनने अकरा सामन्यांत ५५० गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. त्यातला शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे झाला. पुढे ‘रोझ बोल’ या नावाने गाजलेल्या परंपरेतला हा पहिला सामना. समोर स्टॅनफर्डच होतं, आणि त्यांचा प्रशिक्षक नियमाप्रमाणे माजी विद्यार्थी होता. गुणफलक ४९-० असताना, आठ मिनिटं शिल्लक असतानाच, स्टॅनफर्डच्या कर्णधाराने हार मान्य केली.

हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगभर पॅड चढवून खेळायचा हा अमेरिकी खेळ. मराठी घरांतली मुलं पर्ड्यू, मिशिगन, ओहायो स्टेटला शिकायला जाऊ लागली, तशी शनिवारी लाख-लाख माणसांनी भरणारी तिथली स्टेडियमं आपल्यालाही फोटोंतून ओळखीची झाली. तिथली विद्यापीठं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत बांधलेली असतात. गटातले संघ एकमेकांशी खेळतात, टीव्हीचे हक्क एकत्र विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. आज चार गट बडे मानले जातात : साउथईस्टर्न म्हणजे एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर या गटांतली विद्यापीठं जुने प्रशिक्षक काढतात, नवे शोधतात, आणि प्रत्येक नव्या नावाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : यांनी बड्या कॉन्फरन्समध्ये काम केलंय का?

ही अट खेळाच्या अनुभवातून आलेली, जुनी आणि पारखलेली आहे असं धरून चाललं जातं. मागे जाऊन पाहिलं तर तसं दिसत नाही. अट वयाने लहान आहे, ती पैशाच्या धास्तीतून वाढली, आणि तिने ज्यांना दारातच अडवलं त्यांचं झालेलं नुकसान अजून कुणी भरून दिलेलं नाही.

सुरुवातीला प्रशिक्षक ही नोकरीच नव्हती. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, तेव्हा संघाचा कारभार विद्यार्थीच पाहत. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी खेळाला नियमांची चौकट दिली आणि येलमध्ये खेळलेल्या मुलांना देशभरातून प्रशिक्षक म्हणून मागणी येऊ लागली. अमोस अलोन्झो स्टॅग त्यांतलेच. १८९२ साली नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकांच्या बरोबरीची कायम नेमणूक दिली आणि ते तिथे ४१ मोसम टिकले. म्हणजे शिक्का तेव्हाही पाहिला जायचा, पण तो येलचा, नाहीतर आपल्या स्वतःच्या विद्यापीठाचा. आजची बिग टेन १८९६ साली सुरू झाली ती खेळाडूंच्या पात्रतेवर प्राध्यापकांचा वचक राहावा म्हणून. प्रशिक्षकाची लायकी तिच्या नावावरून मोजायची रीत फार पुढची.

मग विसाव्या शतकातले नामवंत प्रशिक्षक तयार झाले कुठे? ओहायो राज्यात सिनसिनाटीपासून थोड्या अंतरावर ऑक्सफर्ड नावाचं लहानसं गाव आहे. तिथे मायामी विद्यापीठ आहे. फ्लोरिडातल्या मायामी शहराशी त्याचा संबंध नाही. या विद्यापीठाला ‘प्रशिक्षकांचा पाळणा’ म्हणतात. वुडी हेज आधी डेनिसन नावाच्या छोट्या कॉलेजात होते. १९४९ आणि १९५० ही दोन वर्षं ते मायामीत राहिले आणि १९५१ साली थेट ओहायो स्टेटला गेले. बिग टेनमधल्या सगळ्यांत अवघड खुर्च्यांपैकी ती एक, आणि हेज तिच्यावर २८ मोसम बसले. त्यांच्या जागी मायामीत आले आरा पार्सेगियन. तिथून ते नॉर्थवेस्टर्नला गेले आणि १९६४ साली नोत्र दाम या नामांकित कॅथलिक विद्यापीठाने त्यांना बोलावलं. पार्सेगियन ना तिथले पदवीधर होते, ना कॅथलिक. आपल्यातला माणूस हवा, ही जुनी अट नोत्र दामने तिथे सोडली.

तिसरे बो शेम्बेकलर. मायामीत ते हेज यांच्याच हाताखाली खेळले, ओहायो स्टेटला त्यांचे सहायक झाले, मग सहा वर्षं मायामीचे मुख्य प्रशिक्षक होते. १९६९ साली मिशिगनने त्यांना घेतलं तेव्हा बड्या कॉन्फरन्समध्ये संघाची पूर्ण सूत्रं त्यांनी एक दिवसही सांभाळलेली नव्हती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला हेज यांचा ओहायो स्टेट सलग २२ विजय घेऊन मिशिगनच्या मैदानावर आला. गतविजेता, देशात पहिल्या क्रमांकावरचा संघ. मिशिगनने त्याला २४-१२ असं हरवलं. शेम्बेकलर पुढे २१ मोसम तिथेच राहिले.

मायामीसारख्या ठिकाणी काय घडत असेल याचा विचार करण्यासारखा आहे. हाताशी सहायक कमी, पैसा कमी, आणि नामांकित विद्यापीठांनी नाकारलेली मुलं संघात. वेळापत्रक, प्रवास, पालकांशी बोलणं, चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात धोका पत्करायचा की नाही, याचा निर्णय शेवटी एकाच माणसाकडे येतो. बड्या ठिकाणच्या सहायकाला खेळाचा एक भाग बारकाईने कळतो. मुख्य प्रशिक्षक, मग तो कुठलाही असो, सगळ्या गोष्टींसाठी जबाबदार असतो. मायामी ज्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये खेळते, तिथूनच केंट स्टेटचे डॉन जेम्स १९७५ साली वॉशिंग्टनला गेले. निक सेबन यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष, १९९०, याच कॉन्फरन्समधल्या टोलेडोत काढलं. पुढे त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

त्याही आधी एका हायस्कूल मास्तरांची गोष्ट आहे. पॉल ब्राऊन ओहायोतल्या मॅसिलन गावच्या हायस्कूलचे प्रशिक्षक होते. राज्यातल्या शाळांच्या प्रशिक्षकांनी त्यांच्यासाठी जोर लावला आणि १९४१ साली ओहायो स्टेटने त्यांना नेमलं. दुसऱ्याच मोसमात संघ राष्ट्रीय विजेता ठरला. चाळीस वर्षांनी नोत्र दामने तोच प्रयोग केला. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलला अजिंक्य करणारे जेरी फॉस्ट १९८१ साली तिथे आले. पाच मोसमांत ३० विजय, २६ पराजय आणि एक बरोबरी अशी कामगिरी झाली आणि ते बाजूला झाले. फॉस्ट यांचं उदाहरण अजूनही दिलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. ब्राऊन यांच्या काळात ओहायो स्टेटची बहुतेक मुलं त्यांना ठाऊक असलेल्या शाळांतूनच यायची. १९८१ पर्यंत देशभर फिरून मुलं मिळवणं हेच अर्धं काम झालं होतं, आणि हायस्कूलच्या मास्तराला त्याची सवय असणं शक्य नव्हतं. पण त्यातून काढलेला निष्कर्ष भलताच ताणला गेला. हायस्कूल आणि बडी कॉन्फरन्स यांच्यामध्ये शेकडो कॉलेजं आहेत, तिथल्या माणसांनाही त्याच रांगेत उभं केलं गेलं.

आता या मागोव्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा. १९४१ सालीच, पॉल ब्राऊन ओहायो स्टेटला गेले त्याच वर्षी, लुइझियाना राज्यात एडी रॉबिन्सन नावाचे २२ वर्षांचे तरुण एका कृष्णवर्णीय कॉलेजात प्रशिक्षक झाले. त्याआधी ते बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत काम करत होते. हे कॉलेज पुढे ग्रॅम्बलिंग नावाने ओळखलं गेलं. रॉबिन्सन मैदानावरचं गवत स्वतः कापायचे, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचे, सामन्याची बातमी स्वतः लिहून वर्तमानपत्रांना द्यायचे. बाहेरगावच्या सामन्याला निघताना सँडविच बांधून घ्यायचे, कारण दक्षिणेतल्या रस्त्यांवर काळ्या मुलांना कुठल्याही हॉटेलात बसू देत नसत. दुसऱ्याच मोसमात त्यांचा संघ नऊच्या नऊ सामने जिंकला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. शिकण्याची ओढ इतकी, की काम सांभाळून त्यांनी १९५४ साली आयोवा विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. आयोवा बिग टेनमधलं. वर्गात बसायला त्यांना परवानगी होती. तिथल्या संघाची सूत्रं तेव्हा कुणा कृष्णवर्णीयाच्या हाती जाणं कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

१९८५ साली रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि अलाबामाचे बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे पडला. १९९७ साली निवृत्त झाले तेव्हा आकडा ४०८ होता. छप्पन्न वर्षांच्या कारकिर्दीत दोनशेहून अधिक खेळाडू त्यांनी व्यावसायिक फुटबॉलला दिले. फ्लोरिडात टॅलाहासी इथे जेक गेदर हेही असेच. १९६९ पर्यंत फ्लोरिडा ए अँड एमला त्यांनी २०३ विजय मिळवून दिले. त्यांच्या उन्हाळी शिबिरांना ब्रायंट आणि हेज यांच्यासारखे बडे गोरे प्रशिक्षक येत. ज्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही, त्यांना आपली खुर्ची देण्याचा प्रश्न मात्र कधी आला नाही.

वर्णभेदाचे कायदे गेले, काळी मुलं अलाबामा आणि टेक्सासकडून खेळू लागली. तरी प्रशिक्षकाच्या जागेसाठी ‘बड्या ठिकाणचा अनुभव’ विचारला जात राहिला, आणि तो नसण्याचं कारण विचारणाऱ्यांनीच निर्माण केलेलं होतं. १९७९ साली साउथ कॅरोलायना स्टेटचे विली जेफ्रीज यांना विचिटा स्टेटने नेमलं. पहिल्या श्रेणीतल्या गोऱ्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९८१ साली डेनिस ग्रीन नॉर्थवेस्टर्नला आले, बिग टेनमधले पहिले. त्यांच्या वाट्याला संघ आला तो आदल्या वर्षी अकराच्या अकरा सामने हरलेला. एसईसीला याहून बावीस वर्षं जास्त लागली. सिल्वेस्टर क्रूम अलाबामाचे जुने खेळाडू, ब्रायंट यांच्या हाताखाली आणि त्यांच्यानंतरही तिथेच मिळून दहा वर्षं सहायक, मग व्यावसायिक लीगमध्ये प्रदीर्घ काम. २००३ साली अलाबामाची जागा मोकळी झाली तेव्हा ती माइक शुला यांना मिळाली. शुलाही अलाबामाचेच माजी खेळाडू, तेही लीगमधले सहायक, त्यांनीही कधी मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलेलं नव्हतं, आणि वयाने ते क्रूम यांच्याहून अकरा वर्षं लहान होते. त्याच वर्षअखेर मिसिसिपी स्टेटने क्रूम यांना नेमलं. १९३२ साली स्थापन झालेल्या एसईसीचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. २००७ साली ते कॉन्फरन्सचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. अनुभवाची अट सगळ्यांना सारखी लागते असं म्हणणाऱ्यांनी २००३ सालची ती निवड पुन्हा पाहावी.

या काळात दुसरीकडे पैसा वाढत होता. १९७८ साली पहिल्या श्रेणीचे दोन भाग झाले आणि लहान कॉलेजांची वेगळी पंगत बसली. त्यानंतर २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की सामन्यांच्या टीव्ही हक्कांवर एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी चालणार नाही. कॉन्फरन्स आपापले हक्क विकायला मोकळ्या झाल्या. १९९२ साली एसईसीने स्वतःचा अंतिम सामना सुरू केला. १९९८ पासून विजेता ठरवण्याची पद्धत बड्या गटांना राखीव जागा देणारी झाली. आज बिग टेनच्या करारांचं मोल अब्जावधी डॉलरमध्ये आहे. इतका पैसा पणाला लागल्यावर नेमणूक करणाऱ्यांना आपली निवड चुकली तर बचावाला काहीतरी हवं असतं. बड्या गटातून आणलेला माणूस अपयशी ठरला तर दोष त्याचा. छोट्या कॉलेजातून आणलेला अपयशी ठरला तर दोष आणणाऱ्याचा. प्रशिक्षक शोधून देणाऱ्या कंपन्याही याच काळात फोफावल्या. माझ्या समजुतीप्रमाणे अटीने आजचं रूप इथे घेतलं, मैदानावर नव्हे तर बैठकीच्या खोलीत.

मैदानाने त्याच काळात वेगळं काही दाखवलं. ओहायो स्टेटने १९८८ साली जॉन कूपर यांना आणलं. सगळ्या दृष्टींनी योग्य निवड : पॅसिफिक गटातल्या अॅरिझोना स्टेटला त्यांनी रोझ बोल जिंकून दिला होता, तोही मिशिगनविरुद्ध. तेरा वर्षांत त्यांनी १११ सामने जिंकले, पण मिशिगनशी दोन विजय, दहा पराजय, एक बरोबरी. ओहायोत हे कुणी विसरत नाही. २००१ साली त्यांच्या जागी आले जिम ट्रेसेल, यंग्सटाऊन स्टेटचे. ते दुसऱ्या पंगतीतलं कॉलेज, आणि तिथे पंधरा वर्षांत त्यांनी चार विजेतेपदं मिळवली होती. नेमणूक झाल्यावर एका बास्केटबॉल सामन्यात प्रेक्षकांसमोर उभं राहून त्यांनी मिशिगनच्या सामन्याला नेमके किती दिवस उरलेत ते सांगितलं. तो सामना ओहायो स्टेटने जिंकला, आणि पुढच्याच मोसमात चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. ट्रेसेल यांना २०११ साली खेळाडूंनी केलेल्या नियमभंगाची माहिती दडवल्यामुळे जावं लागलं, ही त्यांच्या कारकिर्दीतली खरी काळी बाजू. यंग्सटाऊनचा माणूस मोठ्या मैदानावर झेपेल का, हा प्रश्न त्याआधीच निकालात निघाला होता.

उलट बाजूही मांडायला हवी. कर्बी स्मार्ट यांनी जॉर्जियाला २०२१ आणि २०२२ ची विजेतेपदं मिळवून दिली. ते त्याआधी सेबन यांचे सहायक होते, मुख्य प्रशिक्षक कधीच नव्हते. डाबो स्विनी क्लेमसनमध्ये सहायकाचेच मुख्य झाले आणि दोनदा जिंकले. बड्या ठिकाणी माणूस शिकतो हे खरंच आहे. पण जिम्बो फिशर यांच्याकडे फ्लोरिडा स्टेटचं २०१३ चं विजेतेपद होतं, म्हणून टेक्सास ए अँड एमने त्यांना दहा वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा करार दिला. २०२३ साली त्यांना काढताना सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं लागलं. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्काचे माजी विजेते खेळाडू, ऑरेगनमध्ये सहायक, आणि सेंट्रल फ्लोरिडाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०१७ साली अपराजित. आपल्यातला माणूस, बड्या गटाचा अनुभव, स्वतःचा संघ चालवल्याचा पुरावा, सगळं एकाच ठिकाणी. नेब्रास्कात त्यांचे १६ विजय आणि ३१ पराजय झाले.

कर्ट सिग्नेटी २०१० साली अलाबामात सेबन यांचे सहायक होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती नोकरी सोडून, कमी पगारावर, ते पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे वडील पूर्वी तिथेच प्रशिक्षक होते. सहा वर्षं तिथे, दोन वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या ईलॉन विद्यापीठात, पाच वर्षं जेम्स मॅडिसन विद्यापीठात. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर बिग टेनमधल्या इंडियाना विद्यापीठाने त्यांना बोलावलं, तेव्हा इंडियाना तीन विजय आणि नऊ पराजयांवर होतं आणि वरच्या श्रेणीत सर्वाधिक पराभवांचा इतिहास त्याच्याच नावावर होता. सिग्नेटी आपले सहायक आणि जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले. २०२४ साली अकरा विजय. डिसेंबर २०२५ मध्ये ओहायो स्टेटला १३-१० ने हरवून १९६७ नंतरचं पहिलं बिग टेन विजेतेपद. १९ जानेवारी २०२६ रोजी फ्लोरिडातल्या मायामी विद्यापीठावर २७-२१ असा विजय, सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद.

सिग्नेटी गेल्यावर जेम्स मॅडिसनने होली क्रॉस कॉलेजचे बॉब चेस्नी यांना आणलं होतं. चेस्नी त्याआधी तिसऱ्या श्रेणीतल्या साल्वे रेजिना आणि दुसऱ्या श्रेणीतल्या असम्प्शन कॉलेजात मुख्य प्रशिक्षक होते. सहायक म्हणून त्यांनी केलेलं कामही लहान कॉलेजांतलंच. २०२५ साली जेम्स मॅडिसन त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय बाद फेरीत पोचलं. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलएने त्यांची नेमणूक केली. २०२४ पासून यूसीएलए बिग टेनमध्ये खेळतं, आणि त्यांच्या वेळापत्रकात आता मिशिगन, ओहायो स्टेट यांच्यासारखी नावं येतात.